एक जुडी सांबार

टेपकाकूंच्या पर्समध्ये शिंप्याचा टेप कायम असायचा. घराची किल्ली विसरतील, फोन विसरतील, पण टेप नाही. नागपुरात त्यांनी तीस वर्षं बायकांना शिवण शिकवलं होतं. काका गेल्यावर त्या अमेरिकेत बॉथेलला मुलाकडे, माझ्या ऑफिसातल्या श्रीकांतकडे, राहायला आल्या, तेव्हा गळ्यातला टेप पर्समध्ये गेला, एवढाच फरक. आमच्या मुलीला दर भेटीत दाराशी उभं करून त्या तिची उंची मोजत. "बाबा, शी मेजर्ड मी अगेन!" असं ती तक्रारीनं ओरडायची आणि पुढच्या खेपेला आपणहून दाराला पाठ लावून उभी राहायची. टेपकाकू हे नाव तिनंच पाडलं.

ज्याचं माप घेता येत नाही ते ठरवू नये, असा त्यांचा नियम होता. पोटलकला, घरोघरचे डबे जमवून केलेल्या जेवणाला, कुणी "यंदा फिट व्हायचंय काकू" म्हणालं की लगेच विचारायच्या, "म्हणजे किती? कधीपर्यंत? अन् तुला विचारणार कोण?" पहिल्या दोन प्रश्नांना लोक काहीतरी ठोकून देत. तिसऱ्याला अडायचे. काकूंचं म्हणणं, आपण स्वतःला फार लवकर माफ करतो, म्हणून विचारणारा माणूस बाहेरचा हवा. एका जाड वहीत त्या ते लिहून घ्यायच्या आणि दर गुरुवारी फोन करायच्या.

मीही त्या वहीत होतो. चाळिशी उलटली तरी मला पोहता येत नव्हतं. मुलीच्या मैत्रिणींच्या पूल पार्टीत मी टॉवेल धरून काठावर उभा राहायचो. एकदा सहज बोलून गेलो, शिकायचंय म्हणून. काकूंनी वही उघडली.

"किती?"

"किती म्हणजे?"

"पाणी किती कापणार, बापा! या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये न थांबता. दिवाळीच्या आत. चालेल?"

त्यानंतर दर गुरुवारी त्यांनी फोन केला. "नाकात पाणी गेलं का या आठवड्यात? नाही? मग तू गेलाच नाहीस." दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहून गेलो, तेव्हा त्या बाकावर स्वेटर घालून बसल्या होत्या. मी धापा टाकत काठ पकडला, तर म्हणाल्या, "एवढं मोजायला माझा टेप पुरला नसता रे."

त्यांच्या स्वतःच्या नावापुढे वहीत एकच ओळ होती. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, एकटीनं गाडी चालवत जाऊन एक जुडी सांबार आणणे. कोथिंबिरीला त्या नागपूरसारखं सांबारच म्हणत. "गाडी शिकायची, ही नुसती हौस झाली. सांबार घरात आला पाहिजे, तर ते ठरवणं," असं त्यांचं म्हणणं. श्रीकांतचं घर टेकडीवर, बस लांब. "सांबार संपला तर सुनेच्या मीटिंगा संपायची वाट बघत बसते. ती बिचारी नाही म्हणत नाही, पण मी किती दिवस मागून राहायचं?" हे त्या हसत बोलायच्या. पासष्टाव्या वर्षी त्यांना लर्नर परमिट मिळालं. विचारणारा म्हणून वहीत माझं नाव होतं. शिकवणाराही मीच होतो, दर शनिवारी सकाळी.

त्या चांगल्या शिकत होत्या, हे आज स्पष्ट लिहायला हवं. शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावली की खाली उतरून कडेपासूनचं अंतर टेपानं मोजायच्या. "नऊ इंच. ब्लाउजला चालणार नाही, गाडीला चालेल." एकदा चौकात मी फोनकडे बघत होतो आणि त्यांनी ब्रेक मारला. डावीकडून सायकलवाला आला होता. मी त्याला पाहिलंच नव्हतं. काकूंनी पाहिलं होतं.

एप्रिलमध्ये ऑफिसातल्या मुलांनी शनिवार सकाळचं बॅडमिंटन सुरू केलं. कारण एवढंच. दुसरं काही मोठं असतं तर कदाचित मी हे आधीच कुणाला तरी सांगितलं असतं. दोन शनिवार मी ऑन-कॉल असल्याची थाप मारली. तिसऱ्या आठवड्यात श्रीकांतनं कॉफी घेता घेता विचारलं, "आई टेस्टला तयार आहे का रे?" मी म्हणालो, "नजर कमी पडते यार. डावीकडून येणारं त्यांना दिसत नाही. मला भीती वाटली." सायकलवाल्याचा प्रसंगही सांगितला. फक्त माणसं बदलली.

श्रीकांतनं काकूंचं गाडी शिकणं बंद केलं. गुरुवारी काकूंचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "मंदार, खरंच का रे? मला तर वाटत होतं, सगळं दिसून राहिलंय."

त्या क्षणी सगळं मागे घेता आलं असतं. मी म्हणालो, "काकू, आपलं आपल्याला जाणवत नाही."

"हो, तेही आहेच," त्या म्हणाल्या. मग माझ्या पोहण्याची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला. त्या शनिवारी मी दोन गेम जिंकलो.

पुढच्या वर्षी त्या नागपूरला परत गेल्या. निघताना त्यांनी मला सांबारवडीचा डबा दिला. "सांबार सुनेनं आणलाय," एवढंच म्हणाल्या. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. श्रीकांत जाऊन सामान आवरून आला आणि मला बोलावून म्हणाला, "आईची वही सापडली. तुझं पोहणं आहे बघ त्यात." माझ्या पानावर बरोबरची खूण होती. मी पान उलटलं. सांबाराच्या ओळीखाली, बारीक आणि नीट अक्षरात, त्यांनी लिहिलं होतं: "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. नजर चांगली आहे म्हणतात. पण मंदार उगाच कशाला बोलेल? शिवणही आता जपूनच करावं."

"बघ, किती विश्वास होता तिचा तुझ्यावर," श्रीकांत म्हणाला. मी वही मिटून त्याच्या हातात दिली आणि चहा पिऊन घरी आलो.

म्हणून हे काकूंच्या पद्धतीनं ठरवलं आहे. हे लिहिलेले कागद श्रीकांतच्या हातात द्यायचे, येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता, आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचेस्तोवर समोर बसून राहायचं. गुरुवारी फोन करून विचारणारं आता कोणी नाही.