माठ वाजवून घेणाऱ्या काकू

मातीच्या भांड्यांची बाजू घेऊन भांडणारं एकच माणूस अख्ख्या नाशकात शिल्लक राहिलं असेल, तर त्या आमच्या घरमालकीण काकू. स्टीलवर त्यांचा राग, प्लॅस्टिकवर त्याहून जास्त, आणि फ्रीजचं तर नावच काढायचं नाही. मुलाने हौसेने पाठवलेला फ्रीज गंगापूर रोडच्या त्यांच्या घरात आहे, पण तो बंद असतो आणि त्यात काकूंच्या ठेवणीतल्या साड्या असतात. "झुरळ शिरत नाही," एवढंच त्याचं कौतुक. बाकी सगळा संसार मातीत. दही गाडग्यात, कारण गाडगं पाणी पिऊन घेतं आणि दही सुरीने कापावं असं लागतं. चिंच मडक्यात, पुढच्या पावसाळ्याचं दोडक्याचं बी राखेत घोळून बोळक्यात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी मिळावं म्हणून फाटकाशी मोठ्या पोटाचा रांजण. संक्रांत झाली की शेजारणींकडची रिकामी सुगडंसुद्धा त्या मागून आणतात आणि त्यांत मोहरी-मेथी भरतात.

मी किनवटकडची. सातवीनंतर शाळा सुटली, पुढे शिवण शिकले आणि टेलरिंगच्या दुकानातल्या कामासाठी इतक्या लांब आले. खोली बघायला आले त्या दिवशी नकार मिळेल अशीच भीती होती. काकूंनी काही विचारायच्या आत मीच सांगून टाकलं, की माझं शिक्षण कमी आहे. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "पहिलं मडकं ज्या बाईने घडवलं, तिला कुठे बाराखडी येत होती? अक्षरं मागाहून आली गं. आधी मडकं आलं, म्हणून तर धान्य उरलं, नि माणूस एका जागी बसला. पाणी पी." खोली मिळाली. त्या पाण्याची चव मला अजून आठवते. मात्र खोली आज जाईल की उद्या, ही धाकधूकही त्याच दिवसापासून लागली, ती कधी गेली नाही.

इतिहास हा काकूंचा दुसरा छंद. गोदावरीच्या काठाने कुठेही खणलं तरी जुनी खापरं निघतात, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मग काय, आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खणला, तेव्हा काकू पदर खोचून खड्ड्यात. कामगार वरून ओरडतायत, "आजी, बाहेर या!" आणि काकू आतून, "हळू मार रे कुदळ, तुझे पूर्वज आहेत इथे!" शेवटी एक लाल खापर सापडलं. मी धुऊन बघितलं, तर मागच्या उन्हाळ्यात आम्हीच टाकून दिलेला माठ. काकू जराही खचल्या नाहीत. "हजार वर्षांनी जुना होईलच की," म्हणाल्या आणि खापर कपाटात ठेवलं.

पण त्यांची खरी कीर्ती कानांची. उन्हाळा लागायच्या आधी गल्लीतल्या बायका माठ आणायला काकूंना पुढे घालून कुंभारवाड्यात जात. काकू बोटाच्या पेराने माठ वाजवत, डोळे मिटत. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी बारीक चीर. त्यांनी वाजवून दिलेला माठ पाझरला, असं कधी झालं नाही.

यंदा शेजारच्या नव्या सुनेसाठी माठ घ्यायचा होता. काकूंनी एक उचलला, वाजवला, डोळे मिटले. "हा घे."

तो माठ सरळसरळ बद्द वाजला होता. कुंभारदादांनीही ऐकलं. ते म्हणाले, "काकू, तो राहू द्या. ह्यो घ्या, लय गार पाणी करतो."

"मला शिकवतोस? हाच दे."

काकूंना कमी ऐकू येतंय, ही माझी शंका खरी ठरली. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. 'आजकाल सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात' ही तक्रार रोजची झाली होती. आता बोलावं, तर चारचौघींत त्यांची लाज जाते. गप्प बसावं, तर माठ पाझरेल आणि गल्लीभर होईल. मी कानाशी जाऊन कुजबुजले, "काकू, बद्द वाजतोय."

"काय? मोठ्याने बोल की गं!"

ते काही माझ्याच्याने होईना. मी त्यांचा हात धरून तळवा माठाच्या पोटावर टेकवला आणि दुसऱ्या बाजूने वाजवलं. मग शेजारच्या चांगल्या माठावर हात ठेवला आणि तोही वाजवला. काकूंचा चेहरा हळूहळू उतरला. दुसरा माठ हाताखाली झणझणत होता, पहिला मुका होता.

"दादा, हा कुंडीसाठी दे कुणाला तरी," त्या एवढंच म्हणाल्या. सुनेला दुसरा माठ मिळाला. बायकांपैकी कुणाला काही कळलं नाही.

रिक्षात त्या आमच्यासाठी घेतलेला माठ मांडीवर घेऊन बसल्या.

"माझ्या कानांचं तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खोली सोडायला सांगाल, असं वाटलं," मी म्हणाले. त्यांना ऐकू जावं म्हणून हे मात्र ओरडूनच म्हणावं लागलं. रिक्षावाल्याने आरशात बघितलं.

काकू हसल्या. मग त्यांनी माठाला कान लावला, दोन्ही तळवे त्याच्या पोटावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

"वाजव."

मी वाजवला.

"अजून एकदा. सावकाश," त्या म्हणाल्या. "लक्षात ठेवतेय मी."