परग्रहावरचं गिऱ्हाईक

परग्रहावरून आलेला राक्षस मराठीत घासाघीस करतो, आणि ती हुबेहूब माझ्यासारखी करतो, हे मला अंधेरीच्या एका थंडगार मीटिंगमध्ये, परक्या माणसांदेखत कळलं.

घासाघिशीची मला लाज नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा घरात उरलं ते फक्त आईचं तोंड आणि माझं डोकं. आज चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत माझा स्वतःचा गाळा आहे. फायबरच्या वस्तू बनवतो. बागेत तो तोंड वासून उभा असलेला पेंग्विन असतो ना, कचऱ्याचा, पोटावर 'मला वापरा' लिहिलेला? तो माझा. (जिराफही करून पाहिला. पण जिराफाच्या तोंडापर्यंत केळ्याचं साल न्यायला शिडी लागते, हे माल तयार झाल्यावर लक्षात आलं.) हे सगळं उभं केलं ते एका मंत्रावर. समोरच्याने आकडा सांगितला की आधी मालाला नावं ठेवायची, मग आकडा अर्धा करायचा, आणि तो नाही म्हणाला की पाठ फिरवून हळूहळू चालायला लागायचं. हळूहळू! त्याला हाक मारायला वेळ मिळायला पाहिजे. आमचा भाजीवाला मला लांबून पाहिलं की फ्लॉवरवर गोणपाट टाकतो.

तर मंदार. हा माझा मेहुणा, स्मिताचा धाकटा भाऊ, राहायला जोगेश्वरीला. टीव्हीच्या मालिकांचे संवाद लिहितो. म्हणजे सुनेने सासूला चहा द्यावा की नाही, यावर तीन आठवडे काढतो. पडद्यावर नाव मात्र दुसऱ्याच कुणाचं येतं. त्याच्या आईने गावभर सांगून ठेवलंय की झील, म्हणजे मुलगा, मालिका लिहितो, आणि गाव म्हणतं, नाव दाखव. त्यामुळे स्वतःच्या नावाची एक मालिका, एवढंच त्या पोराचं स्वप्न होतं. त्याला साथ माझ्या शाळेतल्या दोस्ताची, वर्सोव्याच्या नितीनची. नितीन लग्नाचे व्हिडिओ काढतो आणि जगातल्या सगळ्या सिनेमांबद्दल बोलतो. रविवारी हे दोघं आमच्या कांदिवलीच्या घरी जमायचे. नितीन बोंबील आणायचा, म्हणून मी जमू द्यायचो.

"विल्या, हॉररचा पहिला नियम काय माहितीये?" नितीन बोंबलाचा काटा नाचवत म्हणायचा. "राक्षस दाखवायचा नाय! न दाखवण्यात खरी भीती असते."

"झकास. न दाखवलेल्या राक्षसाचा खर्चही नाही."

"भाऊजी, चेष्टा नको ना," मंदार कळवळायचा. "इंग्रजी सिनेमात बघा, घरात एकटी बाई असते, ती मेणबत्ती घेऊन तळघरात उतरते..."

"तळघर? कांदिवलीत? खाली उतरली तर पार्किंग लागेल. वॉचमन विचारेल, मॅडम, गाडी काढायची काय? आणि एकटी कशी? मुंबईत बाई एकटी असती तर ती घाबरली नसती, झोपली असती!"

"बरं, मग एखादा पडका, रिकामा बंगला..."

"रिकामा बंगला असता तर भुताच्या आधी बिल्डर पोचला असता."

स्वयंपाकघरातून स्मिता ओरडायची, "अहो, त्याला लिहू द्या ना काहीतरी!"

शेवटी त्याने लिहिलंच. जोगेश्वरीच्या लेण्यांखाली हजारो वर्षांपूर्वी एक यान गाडलं गेलेलं असतं. एक बिल्डर पुनर्विकासाचा खड्डा जरा जास्तच खोल खणतो, आणि हजारो परग्रहवासी बाहेर पडून मुंबई गिळून टाकतात. विज्ञान, भय, सगळं एका खड्ड्यात! वाचून झाल्यावर मंदारचे डोळे पाणावले होते. नितीनचेही. (त्याच्या तोंडात मिरची होती.)

"हजारो?" मी म्हणालो. "एक कर."

"भाऊजी, आक्रमण आहे ते!"

"एकट्याने करू दे. कष्टाळू दाखव. मुंबई कशाला, एक बिल्डिंग गिळू दे. बिल्डिंग तरी कशाला, एक मजला. आणि यान दाखवायचंच का? गाडलेलं आहे ना? मग राहू दे गाडलेलं."

मंदार माझ्याकडे बघत राहिला. आज कळतं, त्या बघण्यात आदर नव्हता. पण तेव्हा मी खुशीत होतो, कारण सौदा ठरला होता. राक्षस माझ्या गाळ्यात, माझ्या मालातून बनणार, आणि पडद्यावर सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्या अक्षरात माझं नाव येणार: निर्माता!

आता राक्षस नव्याने घडवायचा म्हणजे नवा साचा. नवा साचा म्हणजे खर्च. माझ्याकडे एक साचा होताच. पेंग्विनची चोच कापली, रंग हिरवा-काळा दिला, कपाळावर तिसरा डोळा म्हणून मोटारसायकलचा इंडिकेटर बसवला. आत माणूस उभा राहील एवढी मोठी साईज होती. (एका मॉलसाठी बनवलेली. त्यांनी घेतली नाही. माझ्याशी घासाघीस करत होते, नालायक!) रविवारी सगळं कुटुंब गाळ्यात जमलं. नितीन आत शिरला आणि त्याने भयंकर गर्जना केली.

स्मिता म्हणाली, "अहो, हा आपला पेंग्विन आहे."

"चोच कुठाय?"

"पोटावर 'मला वापरा' दिसतंय अजून."

मी घाईघाईने तिथे रंगाचा आणखी एक हात मारला. माझ्या सासूबाईही आल्या होत्या. त्या सगळा जन्म मालवणाकडे काढून आता मंदारकडे असतात. त्यांनी राक्षसाभोवती एक फेरी मारली आणि त्याच्या तोंडात पानाचं देठ टाकलं.

"आई!" मंदार किंचाळला. "भीती नाही वाटत तुला?"

"कसली भीती? ह्येका काय व्हया ता इचारलास काय?"

"राक्षस आहे तो. माणसं खातो."

"उगाच कित्याक खायत? आमच्या गावच्या राखणदार देवचाराक सुद्धा कायतरी व्हया आसता. कोंबो, नारळ, विडी. तो मागता, आपण कमी करून घेवचा. तुझो आजो भांडान भांडान कोंब्याचो नारळ करी."

"आणि देवचार ऐकलाच नाही तर?" पेंग्विनच्या आतून नितीनने विचारलं.

"मगे एकच उपाय. जा मागता ता पयल्याच बोलीत देवन टाकूचा. हूं की चूं करूचा नाय. मगे तो जन्मभर झुरता, आपण कमी मागला म्हणान. झुरान झुरान संपता."

मंदारने आईकडे पाहिलं. मग राक्षसाकडे पाहिलं. मग, का कोण जाणे, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून पोरगं बदललं. "भाऊजी, बाजारात चाललात? मी पण येतो." "भाऊजी, त्या कुरियरवाल्याला काय बोललात, पुन्हा सांगा ना." मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, मेहुणा धंदा शिकतोय. कौतुकाने मी त्याला सोफ्याच्या दुकानात नेलं आणि काहीही न घेता त्या दुकानदाराला घाम फोडून दाखवला. मंदारला तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला होता.

आणि मग अंधेरीच्या त्या कंपनीचं बोलावणं आलं. मोबाईलवर मालिका दाखवणारी कंपनी. टेम्पोतून पेंग्विन, म्हणजे राक्षस, नेला. वॉचमन म्हणाला, "कचऱ्याचे डबे मागच्या गेटने." मी त्याच्यावर असा भडकलो की स्मिताने माझा हात धरला. (तिला मंदारने खास आणलं होतं, माझा हात धरायला.) लिफ्टमध्ये मंदारने हात जोडले.

"भाऊजी, एकच विनंती. आत गेल्यावर तुम्ही बोलू नका."

"निर्माता बोलणार नाही तर कोण बोलणार?"

"अहो," स्मिता म्हणाली, "त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे. घरी गेल्यावर मला काय हवं ते बोला."

मी गप्प बसायचं वचन दिलं.

समोर कामत मॅडम. वयाने मंदारपेक्षाही लहान, आणि चेहरा असा की जगातल्या सगळ्या गोष्टी आधीच ऐकून झाल्यात. बाजूला त्यांची माणसं लॅपटॉप उघडून बसलेली. मंदारने गोष्ट सांगायला सुरुवात केली. यान, खड्डा, बिल्डर. मॅडमने जांभई दाबली. मग मंदार म्हणाला, "आमचा राक्षस रक्त पीत नाही, मॅडम. तो माणसाची उरलेली वर्षं विकत मागतो." आणि त्याने नितीनला खूण केली.

पेंग्विन डुलत पुढे आला. इंडिकेटर लुकलुकला. आतून घोगरा आवाज आला.

"चाळीस वर्षं शिल्लक आहेत तुमची? काय राव! हा काय माल आहे? गुडघे वाजतायत, केस गेलेत, वरून नुसतं पॉलिश मारलंय. चाळीस कोण ठेवतं आज? वीस मला देऊन टाका."

लॅपटॉपवरची बोटं थांबली.

"पाचच देता? नेहमीचं गिऱ्हाईक आहे मी. तुमच्या वडिलांकडूनही घेतलीत. नाही परवडत? राहू द्या मग. जातो." आणि राक्षस वळला. हळूहळू, एकेक पाऊल टाकत चालू लागला. "शेजारच्या खोलीत विचारतो. तिथे तुमचा मुलगा झोपलाय ना? ताजा माल आहे."

"ओ माय गॉड," कामत मॅडम म्हणाल्या. त्यांनी हातावरचे शहारे शेजारच्याला दाखवले. "ते हळू चालणं! यार, ते चालणं कसलं भयानक आहे!"

स्मिता तोंडाला पदर लावून हलत होती. रडत नव्हती. हसत होती! आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. पॉलिश मारलंय. नेहमीचं गिऱ्हाईक. राहू द्या मग, जातो. अरे, हे सोफ्याच्या दुकानातलं माझं बोलणं!

"मंद्या!" मी उठलो. "मी राक्षस?"

"भाऊजी, बसा ना, प्लीज..."

"पंचवीस वर्षं मी तुझ्या बहिणीचा संसार याच जिभेवर चालवला! तू माझ्या मागे बाजारात येत होतास ते यासाठी? आणि काय रे नितीन, तुला माहीत होतं?"

"विल्या, आत लय गरम होतंय, भांडण बाहेर करू," पेंग्विन म्हणाला.

मी वळलो मॅडमकडे. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं लहान मूल हत्तीकडे बघतं. "म्हणजे हे तुम्ही? सर, तुम्ही ओरिजनल आहात! तुम्ही फार, फार भीतीदायक आहात."

आता इतक्या प्रेमाने मला कुणी भीतीदायक म्हटलं नव्हतं. राग अर्धा उतरला. अर्धा मात्र तसाच उकळत होता, आणि माझा राग उकळत असताना कोणी माझ्यासमोर आकडा बोलू नये. घरातल्या सगळ्यांना हे माहीत आहे. मॅडमना माहीत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "मंदार, मला ही मालिका हवीय. तुझ्या नावाने. दहा भाग करू या."

मंदारचा चेहरा! बारा-तेरा वर्षं दुसऱ्याच्या सासू-सुनांना चहा पाजलेल्या त्या पोराच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो मी विसरणार नाही. कारण तो फार वेळ टिकला नाही.

"दहा?" माझं तोंड बोललं. शपथ घेऊन सांगतो, मी नाही बोललो, तोंड बोललं. "काय मॅडम! दहा कोण घेतं आज? एकच राक्षस, एकच मजला, यान तर गाडलेलंच. एवढ्याशा मालाचे दहा भाग? सहा करा."

"भाऊजी..." मंदारचा आवाज लेण्यांखालून आल्यासारखा आला.

"तू गप! सहा. नाही जमत? राहू द्या मग. जातो." आणि मी पाठ फिरवून दाराकडे निघालो. हळूहळू.

"विल्याऽऽ!" पेंग्विनच्या आतून नितीन ओरडला. "आपण विकायला आलोय रे! विकायला!"

ते शब्द माझ्या कानातून डोक्यात पोचेपर्यंत मागून मॅडमचा आवाज आला होता. "डन. सहा."

टेम्पोतून परत निघालो. स्मिता राक्षसाला टेकून बसली, माझ्यापासून लांब. घरी, आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "जावयबापू, उद्यापासून भाजी मी आणतंय."

मालिका आली. सहा भागांची. शेवटच्या भागात एक म्हातारी राक्षसाच्या पहिल्याच बोलीला हो म्हणते आणि तो झुरून झुरून विरघळतो. लेखक म्हणून मंदारचं नाव ठसठशीत येतं. सासूबाईंनी त्याचा फोटो गावी धाडला. निर्माते मॅडमचे कंपनीवालेच झाले. माझं नाव 'विशेष आभार'मध्ये आहे, सरबतवाल्याच्या खाली, आणि इतकं झरझर वर सरकतं की वाचायला थांबवावं लागतं. मंदार माझ्याशी बोलत नाही. चार भाग खाल्ले म्हणतो. वर स्मिताही मला 'परग्रह' म्हणते.

म्हणू देत. मला त्याचं काही नाही. माझा सल वेगळाच आहे. एवढे महिने झाले, जेवताना, गाळ्यात, दाढी करताना तो मला टोचतो. ती बाई एका शब्दात हो म्हणाली हो! हूं नाही, चूं नाही, माझी दोन पावलंही पुरी झाली नव्हती.

चार म्हणायला हवं होतं.