मुग्धाच्या कानांचा बंदोबस्त

मी नवस बोलणारी बाई आहे, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण एका नवसापायी मी भर शूटिंग रेंजवर काय करून बसले, ते अजून घराबाहेर गेलेलं नाही. आता तुम्ही बसलाच आहात तर सांगते. चहा घ्या तोवर, आणि हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा.

मुग्धा आमची एकुलती एक. लहान असताना तिचा उजवा कान सारखा वाहायचा. पोर नुसती कळवळायची. औषधं चालूच होती. डॉक्टर बजावायचे, कानात काही घालू नका, तेल नको, काडी नको. शेवटी एका मंगळवारी मी डोंगरीच्या देवीपुढे उभी राहिले आणि बोलून गेले, "आई, हिचा कान कोरडा कर. मी जिवंत आहे तोवर हिच्या कानात कापसाचा बोळासुद्धा जाऊ देणार नाही."

कान कोरडा झाला. औषधाने झाला, असं आमचे हे म्हणतात. म्हणोत बापडे. बोलले मी होते, त्यामुळे पाळायचं मलाच होतं. गाणी ऐकायलासुद्धा तिला मी डोक्यावरून घालायचे ते मोठे हेडफोन घेऊन दिले, कानात खुपसायचे नाहीत.

तेव्हा मला काय स्वप्न पडलं होतं, की ही मोठी होऊन हातात पिस्तूल घेणार आहे?

सुरुवातीला ते हवेवर चालणारं पिस्तूल होतं. फट् झालं की संपलं. मग एक दिवस क्लबमधून आली ती बॅग टाकतच म्हणाली, "आई, मला पॉइंट टू टूच्या पिस्तुलावर घेतलंय. खरी गोळी. आता कानाला प्रोटेक्शन लागणार."

"का गं?"

"आवाजाने कान जातात. आणि एकदा गेलेलं परत येत नाही, सर म्हणाले."

कान जातात म्हटल्यावर मी गप्प बसते होय? त्याच दुपारी केबिन रोडच्या बाजारात गेले. दुकानदाराला म्हटलं, "भैया, कान ढकने का कुछ अच्छा दिखाओ, लडकी के लिए." त्याने गुलाबी फरचे दोन गोळे काढले, मध्ये पट्टी. "एकदम सॉफ्ट माल है भाभी," म्हणाला. मी घेऊन आले.

मुग्धाने पिशवीत डोकावून पाहिलं. "आई, हे मनालीला घालायचं आहे."

"कान झाकतायत ना?"

"थंडीपासून झाकतायत. गोळीच्या आवाजाला हे लावणं म्हणजे मच्छरदाणीने पाऊस अडवणं."

मग तिने कानांवर लावायचे खरे मफ आणले. टणक वाट्या, त्यांना जाड मऊ गादी, आणि डोक्यावरून घट्ट पट्टी. मला तर ते बघताक्षणी आवडले. सगळं कानाच्या बाहेरून, नवसाला कुठे धक्का नाही. मी दोन्ही वाट्यांना हळदकुंकूसुद्धा लावलं. तेवढ्यात तिने बॅगेतून एक पाकीट काढलं. त्यात नारिंगी रंगाचे, करंगळीच्या टोकाएवढे फोमचे तुकडे.

"आणि हे प्लग. हे आत जातात. माझ्या कानात नेहमीचे बसत नाहीत, बाहेर येतात. म्हणून लहान मापाचे शोधून मागवलेत."

आत म्हटल्यावर माझ्या हातातली कुंकवाची कुयरी तशीच राहिली.

"आत कशाला? एवढे मोठे टोप आहेत की वरून."

"आमची रेंज बंद हॉलमध्ये आहे, आई. आवाज भिंतींवर आपटून परत अंगावर येतो. एकाने भागत नाही. आत प्लग, वर मफ."

"म्हणजे दोन्ही घातले की दुप्पट?"

"दुप्पट नाही गं. दुसऱ्याने थोडंच वाढतं. पण ते थोडंच लागतं."

"थोडंच ना? मग आतलं राहू दे. वरचं मी जाड करून देते."

"कानाच्या डॉक्टरांनी तपासून हो म्हटलंय मला."

डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, हे खरं. पण डॉक्टर काही डोंगरीला गेले नव्हते.

ती रोज प्लग घालून सराव करायची आणि मी रोज घरात समईपुढे बसून क्षमा मागायचे. असं करत करत निवडीचा दिवस आला. राज्याच्या स्पर्धेला क्लबमधून एकाच मुलीला पाठवणार होते. मुग्धाने वर्षभर दुसरं काही केलं नव्हतं. मैत्रिणींची लग्नं सोडली, गणपतीत गावाला आली नाही, गॅलरीत पाण्याची भरलेली बाटली धरून हात सरळ ठेवून उभी राहायची. त्या दिवशीच देवी रुसली तर?

तेव्हा मी गुपचूप दोन कामं केली. जुन्या मलमलच्या साडीची मऊ, चौघडीची कव्हरं शिवून मफच्या गाद्यांवर चढवली आणि घडीत चिमूटभर अंगारा ठेवला. आणि निघताना तिच्या बॅगेतलं प्लगचं पाकीट माझ्या पर्समध्ये सरकवलं. हिशोब सरळ होता. पाकीट सापडलं नाही की ती नुसते मफ लावेल. मफ मी जाड केलेच होते. देवीही राजी आणि कानही शाबूत.

रेंज काशीगावच्या बाजूला. मुग्धा थेट आत गेली. दारात तिचे कोच कदम सर उभे होते.

"ताई, आत बसायचं तर तुम्हालाही दोन्ही लागतील. मफ देतो मी. प्लग आहेत?"

"आहेत की," मी म्हटलं, आणि पर्समधलं मुग्धाचं पाकीट उघडून एक जोडी काढली. माझ्या कानांचा काही नवस नव्हता.

सरांनी दाखवलं. प्लग दोन बोटांत वळून अगदी बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोट तसंच ठेवायचं. आता मला सांगा, जन्मभर फुलवाती आणि समईच्या वाती वळणाऱ्या बाईला हे काय अवघड?

"वा ताई, पहिल्यांदा इतकं नीट कुणाला जमत नाही," सर म्हणाले. "मफखाली केस, कानातलं, काही अडकू देऊ नका, फटीतून आवाज शिरतो. आणि एक लक्षात ठेवा. फायरिंग चालू असताना मफ काढायचा नाही. कुणी सांगितलं तरी नाही."

मी मान डोलावली. मफ चढवला आणि जग बंद झालं. माझ्या छातीची धडधड तेवढी ऐकू येत होती.

मागच्या बाकावर बसले. मुग्धाच्या शेजारच्या लेनमध्ये एक दांडगे गृहस्थ मोठं पिस्तूल घेऊन उभे. मुग्धाने बॅग उघडली, चाचपली, उलटी केली. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी हात उंचावून आशीर्वाद दिला. ती नुसते मफ लावून पुढे झाली.

शेजारच्या गृहस्थांनी गोळी झाडली आणि दोन-दोन बुचं असूनही माझ्या छातीत धस्स झालं. मुग्धाचा खांदा उडाला. तिने पुन्हा हात उचलला, पुन्हा शेजारून धडाका, पुन्हा खांदा उडाला. समोरच्या पडद्यावर तिच्या गोळ्यांच्या खुणा उमटत होत्या. मला नेमबाजी कळत नाही, पण रांगोळी कळते. ठिपके मधोमध हवे होते आणि ते कडेकडेला पळत होते. देवी, सांभाळ गं, मी म्हणत होते.

फेरी संपली. मुग्धा वळली, दोन्ही कानांकडे बोट दाखवून तिने हात पसरले.

माझी काळजी करतेय बिचारी, मला वाटलं. मी दोन्ही मफ थोपटून अंगठा दाखवला, सगळं छान आहे.

तिने कपाळावर हात मारला.

घाम आलाय, मला वाटलं. मी पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं.

मग ती सरांकडे गेली आणि सर माझ्याकडे आले. त्यांचे ओठ हलत होते. ते माझ्या कानाकडे बोट दाखवत होते. एकदम ध्यानात आलं, कुड्या! कानातलं अडकू देऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं आणि मी मोत्याच्या कुड्या घालून बसलेली. मफच्या गादीखाली बोटं घालून, मान वाकडी करून, कशाबशा दोन्ही कुड्या काढल्या आणि विश्वासाने त्यांच्या हातावर ठेवल्या.

सर कुड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी मफ काढायची खूण केली.

माझी परीक्षा घेतायत, हे मी ओळखलं. मी दोन्ही हातांनी मफ घट्ट धरले. "नाही काढणार. तुम्हीच सांगितलंय, कुणी सांगितलं तरी नाही." मला वाटलं मी पुटपुटले. प्रत्यक्षात रांगेतले सगळे नेमबाज वळून बघायला लागले.

सरांनी दाराकडे बोट दाखवलं.

मला हाकललं. लेकीच्या निवडीच्या दिवशी, चारचौघांत. डोळ्यांत पाणी घेऊन मी बाहेर पॅसेजमध्ये आले. मागून मुग्धा आणि सर आले. मुग्धाने दार लावलं, माझा मफ उतरवला आणि माझ्या कानातून प्लग ओढून काढला. नारिंगी, छोटासा. तिने तो माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"आई, हा माझा आहे."

मी पर्स उघडून पाकीट पुढे केलं. "नवस होता गं माझा. तुझ्या कानात काही जाऊ देणार नाही म्हणून."

मला वाटलं आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझा कान चांगला राहावा म्हणूनच बोलली होतीस ना? आत्ता आत शीळ वाजल्यासारखं होतंय मला. देवीला हे चालेल?"

मी पाकीट तिच्या हातात कोंबलं.

"ताई, पुढची फेरी लागेल आता," सर म्हणाले. "आत कुणी थांबणार नाही."

मुग्धाने पाकिटातून कोरी जोडी घेतली. पण बोटं घामाने निसरडी झाली होती. ती प्लग वळायची आणि कानाशी नेईपर्यंत तो पुन्हा फुगायचा. एकदा झालं, पुन्हा झालं.

"दे इकडे," मी म्हटलं.

मनात म्हटलं, आई, बोललेही मीच आणि मोडतेही मीच, रागवायचं तर माझ्यावर रागाव. पदराला बोटं पुसली. प्लग वळला, निरांजनाच्या वातीसारखा बारीक. डोक्यावरून हात नेऊन तिचा कान वर ओढला. उजवा, तोच तो. प्लग अलगद आत सारला आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवलं. मग डावा. मफवरची माझी कव्हरं सरांनी तोवर उतरवली होती. "या कापडातूनच आवाज शिरत होता, ताई," ते म्हणाले. घडीतला अंगारा मी तिच्या कपाळाला लावला आणि मफ चढवला.

ती आत गेली. मीही माझे प्लग पुन्हा वळून घातले, मफ लावला आणि बाकावर बसले.

शेजारच्या गृहस्थांनी बार काढला. मुग्धाचा खांदा हलला नाही. पुन्हा बार, पुन्हा नाही. पडद्यावरचे ठिपके मध्ये यायला लागले. पण पहिल्या फेरीतलं भरून निघेल का? शेवटच्या गोळीला तिने हात उचलला आणि खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा उचलला आणि झाडली.

मग सगळे बाहेर आले. मी मफ काढून हातात घेतला. सर मध्ये उभे राहून काहीतरी बोलले, माना हलल्या, आणि मुग्धा माझ्याकडे आली ती ढसाढसा रडत. माझं काळीज तुटलं. पोरीचं वर्ष मी घालवलं. तिला घट्ट जवळ घेतलं आणि म्हटलं, "रडू नको बाळा. नाही झाली निवड तर नाही झाली. आणि त्या सरांचं काय मनाला लावून घ्यायचं? जो माणूस बायकांच्या कुड्या मुठीत घेऊन फिरतो, तो काय निवड करणार?"

आजूबाजूला सगळे पोट धरून हलत होते. मुग्धाने डोळे पुसले आणि माझ्या कानातले दोन्ही प्लग काढले.

"आई, झाली माझी निवड. सरांनी आत्ता तुझ्यासमोरच सांगितलं. आणि तू ओरडून बोलतेयस."

सर पुढे आले, माझ्या तळहातावर कुड्या ठेवल्या आणि म्हणाले, "घ्या ताई. आता मी निवड करायला मोकळा."

तेव्हा तुम्हाला हात जोडून सांगते. घरातलं कुणी नेमबाजीला लागलं, तर आधी कान तपासून घ्या, मग आतलं आणि वरचं दोन्ही घालायला लावा. आतलं जमत नसेल तर तुमच्या हाताने वळून द्या, वातीसारखं बारीक, कान वर ओढून. तुम्ही बघायला जाल तेव्हा स्वतःही दोन्ही घाला. फक्त निकाल लागला की लेकराचं सांत्वन करायच्या आधी दोन्ही काढा. मी एकच काढलं होतं.