टिटवीची अंडी मी हलवली होती

फोटोत टिटवी अंड्यांवर बसते आहे. अजून पुरती टेकलेली नाही. लांब पाय मोडलेत, पोटाची पिसं फुगवली आहेत आणि खाली ठिपक्यांची चार अंडी दिसतात. मागे पाणी, सकाळच्या उन्हात चमकणारं, पार फोटोच्या वरच्या कडेपर्यंत. पलीकडचा काठ कुठेच नाही. प्रदर्शनात ज्याने त्याने विचारलं, "कोकणात काढला का?" मी नुसता हसायचो. हसणं म्हणजे काही 'हो' नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घालायचो.

समुद्र मी तोवर पाहिलेलाच नव्हता. मी नागपुरात कारकून. सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओवाल्याकडून जुना कॅमेरा आणि लांबची लेन्स घेतली होती. रविवारी सायकल एसटीच्या टपावर टाकायची आणि तळी, नद्या, धानाच्या बांध्या हिंडायच्या. आमच्या फोटोवाल्यांच्या मंडळात एक वकील होते. ते दर हिवाळ्यात कोकणात जात आणि समुद्रपक्ष्यांचे मोठमोठे फोटो करून आणत. माझे बगळे, धोबी, खंड्या बघून ते एकदा म्हणाले, "छान आहेत हो. पण मागे पाणी असल्याशिवाय पक्ष्याला मोठेपण येत नाही." ते वाईट बुद्धीने बोलले नव्हते. माझ्या मात्र ते जिव्हारी लागलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कुही तालुक्यात नदीकाठच्या एका गावात माझ्या ओळखीचा एक शेतकरी होता, पन्नाशीचा. गावात धानाची शेती, आणि उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत डांगरवाडी. डांगर म्हणजे आमच्याकडचं टरबूज. वाळूतच झोपडं बांधून नवरा-बायको तीन महिने तिथे राहत. मेमध्ये मी आठ दिवसांची रजा काढली आणि त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो.

"बाबू, बायको-लेकरं सोडून पाखराच्या मांगं फिरतेस," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "घरी कोनी काई मनत नाई का गा?"

"मनत असन तं थो तुमाले सांगन काय?" त्याची बायको चुलीपाशून म्हणाली. "तुमी सांगता का, मी तुमाले काय मनतो ते?"

"तू काय मनतेस वं?"

"सांगू का बाबूसमोर?"

आम्ही तिघं हसलो. इतकी मोकळी माणसं. हे आधी सांगतो, कारण पुढचं त्यांच्याच बाबतीत केलं.

झोपड्यापासून थोडं दूर, पात्राच्या मधोमध गोटे आणि मुरमाचं एक टेकाड होतं, पुरुषभर उंच. दुसऱ्या दिवशी त्याच्या माथ्यावर मला टिटवीची अंडी सापडली. टिटवी घरटं बांधत नाही, उथळ खळगा करते आणि कडेने खडे लावते. अंडी सुंदर होती, जागा कुचकामी. मागे बाभळीची झुडपं, ऊन समोरून डोळ्यात. टेकाडाच्या पायथ्याशी मात्र स्वच्छ वाळू होती आणि तिच्यामागे नदीची उरलेली धार, रुंद, थोपलेली. तिथून जमिनीलगत कॅमेरा लावला तर पलीकडचा काठ दिसत नव्हता. नुसतं पाणी. माझ्या कुहीतच समुद्र होता.

अंडी हलवण्याची युक्ती त्या काळी पुष्कळांना ठाऊक होती. कोणी ती वाईटही समजत नसे. एकदम नाही हलवायची. रोज दोन-तीन हात. नवा खळगा करायचा, तेच खडे लावायचे, अंड्यांची निमुळती टोकं आत वळवायची आणि दूर व्हायचं. पक्षी शोधत येतो आणि बसतो. पाच दिवस मी हे केलं. तो माणूस गाडीत डांगरं भरून बाजाराला जायचा, बायको वेलींना पाणी द्यायला वाकलेली असायची, तेवढ्या वेळात. मग गोणपाटाच्या लपणीत बसून बघायचो. टिटवी यायची, आधी रिकाम्या खळग्यावरच जाऊन बसायची. बसल्यावर तिला कळायचं की खाली काही नाही. उठायची, ओरडायची, परत तिथेच बसायची. मग कधीतरी तिला दोन हातांवर अंडी दिसायची. हे मी पाचही दिवस पाहिलं आणि घड्याळात बघत राहिलो, तिला किती वेळ लागतो ते.

पाचव्या दिवशी अंडी वाळूत, पाण्याच्या पातळीपासून जेमतेम हातभर वर आली. त्याच संध्याकाळी तो माणूस तिकडून येताना थबकला. मी लपणीचे बांबू ठोकत होतो.

"अरे वा," तो म्हणाला. "यंदा खालतीच घातली."

"म्हणजे?"

"तुले ठाऊक नाई? एवढा पाखरावाला तू." तो उकिडवा बसला. आवाज आपोआप खाली आला, देवापुढे बोलावं तसा. "टिटवी उंचावर अंडी घालन तं समजाचं, पानी लवकर अन् जोराचं. खालती घालन तं पाऊस मांगं. तिले आधीच समजते. माह्या बापानं अन् त्याच्या बापानं तिलेच पाहून नदी सोडली. यंदा मिरग कोरडा जाते बाबू. डांगराचा दुसरा तोडा निंगते."

मी हातोडी धरून उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं. 'ती वर होती, मी खाली आणली.' एवढंच वाक्य. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोटो घ्यायचा होता. सांगितलं असतं तर त्याने अंडी उचलून वर नेऊन ठेवली असती आणि बहुधा मलाही काठावर नेऊन ठेवलं असतं. शिवाय मी शिकलेला माणूस. पाखरू पाऊस सांगतं यावर माझा विश्वास नव्हता. पुढे कित्येक वर्षं मी याच वाक्याआड दडलो. पण त्याचा विश्वास होता आणि ते मला त्या क्षणी पुरतं कळलं होतं.

त्याची बायको मात्र म्हणाली, "मी तं परवा टिटवी टेकडावर वरडताना आयकली. वरच बसली होती."

"तू आयकतेस कमी अन् सांगतेस जास्त," तो म्हणाला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला काहीच माहीत नव्हतं.

सकाळी फोटो झाला. बारा फोटोंतला सातवा तो हा. दुपारी मी सामान बांधत असताना शेजारचा वाडीवाला आला. त्याची बैलजोडी तिथेच त्याच्या झोपड्याला बांधलेली असायची. "काय गा, झोपडं काढू का? रोहिन्या लागल्या."

"काय घाई हाय? टिटवीनं खालती घातली. जाऊन पाय."

तो जाऊन पाहून आला, मान डोलावली आणि राहिला. हेही माझ्यासमोर झालं. मी सायकलला बॅग बांधत होतो, दोरीची गाठ नीट बसत नव्हती, तिच्यात मन घातलं.

पुढच्या रविवारी पिल्लं निघाली असतील म्हणून गेलो. आमच्याकडे थेंब पडला नव्हता. काठावर आलो तर वाळू नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत तांबडं पाणी, त्यात झाडाच्या फांद्या वाहत होत्या. वर मध्य प्रदेशात, शिवनीकडे पाऊस झाला होता. दोन दिवसांपूर्वी पहाटे पाण्याचा लोंढा आला. माणसं कशीबशी निघाली. त्याचं झोपडं, वेली, तोडायला आलेली डांगरं गेली. शेजाऱ्याच्या जोडीतला एक बैल दावं न सुटल्यामुळे बुडाला. टेकाडाचा माथा तेवढा पाण्याबाहेर होता, ताटाएवढा.

तो काठावर बसला होता. मला बघून म्हणाला, "ये बाबू. तुहं पाखरू गेलं."

मी त्याच्या शेजारी बसलो.

"फोटो तं निंगाला ना?"

"निघाला."

"चाल, तेवढं तं झालं."

तो माझं सांत्वन करत होता. तेवढ्यात शेजारी आला. तो मला नव्हे, त्यालाच म्हणाला, "इचार तुह्या टिटवीले, माहा बैल कोन्या गावी गेला? आता नांगर काय बायकोले जुंपू?"

नंतर मला कळलं, दुसऱ्याच दिवशी त्याने आपल्या जोडीतला एक बैल सोडून शेजाऱ्याच्या दारात नेऊन बांधला. शब्द आपला होता, म्हणाला. एका बैलाने नांगर चालत नाही. त्या वर्षी धानाची चिखलणी त्याने दुसऱ्यांच्या सवडीने, उशिरा केली. गावात पेरणीच्या आधी त्याला विचारायची पद्धत होती, ती मोडली. विचारायचे, पण थट्टेने. "काय गा टिटवीबुवा, पाऊस कदी?" पोरं घराजवळून जाताना टिटवीसारखी ओरडायची.

मी जात राहिलो, पण कमी. पुढल्या पावसाळ्याच्या तोंडी त्याच्या शेतात उभा होतो. मागून आणलेला बैल आपल्या बैलाशेजारी जुंपून तो वखर चालवत होता. टिटवी ओरडत उडाली. पूर्वी त्याच्या वखरासमोर अंडी आली की तो हातभर जागा सोडून वळसा घ्यायचा आणि खूण म्हणून काटकी रोवायचा. हे मी अनेकदा पाहिलेलं. त्या दिवशी त्याने बैल वळवला नाही. अंड्यांवरून वखर गेला.

"अंडी होती," मी म्हणालो.

"माहीत हाय." तो मागे न बघता म्हणाला. "खोटं बोलते साली."

त्या वर्षी माझ्या फोटोला बक्षीस होतं. वकिलांनी माझी पाठ थोपटली.

समुद्र पाहिला तो पंचेचाळिशीत. घरच्यांबरोबर कोकणात गेलो होतो. सकाळी एकटा कॅमेरा घेऊन पुळणीवर गेलो. कुरवांचा मोठा थवा बसला होता. पोटावर सरकत जवळ जायला लागलो, तसा सगळा थवा उठला आणि ओरडत जमिनीकडे, आत गेला. होडीपाशी एक म्हातारा कोळी उभा होता. त्याने थव्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि होडीवरचा हात काढून घेतला. पक्षी आत पळाले म्हणजे वादळ, असं त्याने धरलं होतं. मी उठून धावतच गेलो. "बाबा, पक्षी मी उठवले. ते आपले आपण गेले नाहीत."

"होय?" तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंस." आणि होडी पाण्यात लोटायला लागला.

इतकंच होतं ते. एका श्वासाचं काम. मी वाळूत बसलो. समोर खरा समुद्र, पक्षी परत येऊन बसले, आणि मी एकही फोटो घेतला नाही.

परतल्यावर पहिल्याच रविवारी त्या शेतकऱ्याच्या गावी गेलो. तो ओसरीत दोरी वळत होता. केस पिकले होते. मी चहाची वाट न बघता सगळं सांगितलं. टेकाड, पाच दिवस, दोन-दोन हात. तो दोरी वळायचा थांबला नाही. मी संपल्यावर त्याने एकच विचारलं. "पयली कुठं होती?"

"अगदी माथ्यावर."

"माथ्यावर? जे पान्यात बुडलं नाई, थे?"

"हो."

त्याच्या हातातली दोरी सुटली. "आयकलं का वं," त्याने आत हाक मारली. "टिटवीनं बरोबर सांगतलं होतं. अन् तूही." बायको दारात आली, पदराला हात पुसत. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की मला वाटलं, झालं, सुटलो. मग तो आनंद हळूहळू गेला. "दर साली दिसली का मोडली मी तिची अंडी," तो म्हणाला. "चौदा साल."

मला वाटत होतं, त्याने शिव्या द्याव्यात. तो उठला, खुंटीवरचा शेला खांद्यावर टाकला आणि चपला शोधायला लागला.

"चाल."

"कुठे?"

"त्याच्या घरी. बैलवाल्याच्या. मंग चौकात. मले सांगून काय होते बाबू? मी तं आपल्या जाग्यावर खराच होतो. गावाले सांग. माह्यासमोर सांग, का खोटं कोन बोललं."

ते बरोबर होतं. त्याहून कमी त्याला मागताच आलं नसतं. आणि मी घड्याळात पाहिलं. म्हणालो, "बस आहे हो माझी. पुढच्या खेपेला नक्की."

बस साडेपाचची होती. तेव्हा अडीच वाजले होते.

त्याच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी सापडत नव्हती. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ती चप्पलही काढली, खाली बसला आणि दोरी उचलली. "जाय मंग," म्हणाला. बायको आत गेली. गावाबाहेरच्या थांब्यावर मी तीन तास बसून होतो. तेवढ्यात परत जाऊन येता आलं असतं. हे मला त्या तीन तासांतही माहीत होतं.

पुढची खेप झाली नाही. हे लिहून काढलं आहे, गावाचं आणि माणसांचं नाव न घालता, आणि घातलं असतं तरी त्या गावात हे कुणी वाचणार नाही. त्याने काही हे मागितलं नव्हतं. त्याने मला चौकात यायला सांगितलं होतं, भरदिवसा, चार माणसांत.