टकटक भाऊंच्या नावाची फरशी

आजचं उद्घाटन मी रद्द केलंय. हार आणले असतील तर घरच्या देवाला घाला.

फोन करू नका. बठ्ठं, म्हणजे सगळं, इथंच सांगते.

आमचे हे जाऊन आज तीन वर्षं झाली. फाट्यावर त्यांच्या नावानं एसटीचा थांबा बांधलाय. आज सकाळी पाटीवरचा पडदा ओढायचा होता.

पाटी आत्ता जमिनीवर पडून आहे. मीच काढायला लावली.

जे यांना ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. हे सुपरवायझर होते, धुळ्याला, जळगावला, मोठ्या मोठ्या साइटवर.
पण ठेकेदाराचे नाही. मालकाचे.

ठेकेदाराचा सुपरवायझर काम उरकतो. मालकाचा सुपरवायझर त्याच कामावर संशय घेतो.
यांना संशय घ्यायचाच पगार होता.

गाडीची किल्ली हातात, आणि दिसेल ती भिंत, दिसेल ती टाइल ठोकत फिरायचे. आत पोकळ असलं की आवाजावरून कळतं. साइटवर नावच पडलं, टकटक भाऊ.

मला बघायला आले तेव्हा पोहे यायच्या आधी आमची भिंत ठोकली. माझ्या बापाला म्हणाले, "आबा, ही भित पोकय शे."

लग्नानंतर मी विचारलं, "मग मला का नाही ठोकून पाहिलं?"
म्हणाले, "तू बोलली ना. आवाज कळला."

त्यांचा एक कायदा होता. नकाशा काढणारा एक, बांधणारा दुसरा, तपासणारा तिसरा. आणि हे तिघं एकाच टपरीवर चहा पिताना दिसले, की समजायचं बिल्डिंगमध्ये गडबड आहे.

म्हणून ठेकेदाराचा चहा कधी प्यायले नाहीत. घरून थर्मास न्यायचे.

एकदा मी मुद्दाम थर्मासात साखरेऐवजी मीठ घातलं.
संध्याकाळी विचारलं, "चहा कसा होता?"
"ठीक. ठेकेदाराचा नव्हता."

असा माणूस. आता त्याच्या थांब्याचं काम कसं दिलं ते ऐका.

थांब्यासाठी गावानं नेमलेल्या कमिटीनं तीन कोटेशन मागवली.
एक आमच्या भैय्याचं. भैय्या म्हणजे माझ्या दिराचा मुलगा, छोटी-मोठी कामं घेतो.
दुसरं भैय्याच्या शालकाचं.
तिसरं शालकाच्या पार्टनरचं. आणि पार्टनर म्हणजे पुन्हा भैय्या.

मी म्हटलं, "लेबर रेटनं द्या. सिमेंट, फरशी गावानं आणायची, यानं फक्त मजुरी घ्यायची. नाहीतर द्या मटेरियलसकट, पण तपासायला बाहेरचा इंजिनिअर ठेवा."

भैय्या म्हणाला, "काकू, डिझाईन माझं, काम माझं, चेकिंग पण माझं. तुम्ही टेन्शन घेऊ नका, सरळ चावी घ्या."
"थांब्याला दार नाही रे बाबा. चावी कशाची देतो?"

सगळे हसले. हसता हसता काम त्यालाच दिलं.

काल दुपारी मी यांच्या गाडीची किल्ली घेऊन फाट्यावर गेले. गाडी विकली, किल्ली ठेवली आहे.

काळ्या ग्रॅनाइटची पाटी, दोघांनी उचलावी एवढी जड. बरोबर बाकाच्या वर, भिंतीवर चिकटवलेली. खाली आमच्या सिंधूअक्का साक्रीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या.

"अक्का, जरा उठा."
"का बरं? नवऱ्याचं नाव लागलं म्हणून सीट पण तुझीच का?"
"उठा तर. मग भांडू."

कोपऱ्याला ठोकलं. चांगला टणक आवाज.
मधे ठोकलं. रिकाम्या डब्यावर ठोकावं तसं.

भैय्या तिथंच होता. म्हणाला, "काकू, ग्रॅनाइटला येतोच तसा आवाज."

"बरं. मग अक्कांच्या जागी तू बस. गाडी येईपर्यंत."

"बसतो ना, त्यात काय."

आला. बसायला वाकला.
आणि बसायच्या आधी त्यानं वर पाहिलं.

मला तेवढंच पुरलं.

पाटी काढायला पहार सुद्धा लागली नाही. दोघांनी हातानं ओढली तर निघून आली. मागं फक्त चार कोपऱ्यांत सिमेंटचे चार गोळे, वरण-बट्टीतल्या बट्टीएवढे. मधे हवा. ना क्लँप, ना स्क्रू.

खाली रोज शाळेची पोरं बसणार होती. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची कामं ठोकून पाहिली, त्याचंच नाव कोणाच्या तरी डोक्यात पडलं असतं.

भैय्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "काकू, काकांचं काम म्हणून मी एक रुपया सुटू दिला नाही स्वतःला. आणि तुम्ही माझ्यावरच संशय घेता?"

खरं आहे ते. कमाई केली नाही त्यानं. घाई केली. पाटी उशिरा आली होती आणि तारीख तर हलवता येत नाही ना.

मी म्हटलं, "घरच्यांनी प्रेमानं केलेलं काम कोणी ठोकून बघत नाही भैय्या. म्हणून त्याचीच जास्त भीती."

आता पाटी पुन्हा भैय्याच बसवणार. नीट, क्लँप मारून. तपासायला अमळनेरहून इंजिनिअर येणार, भैय्याच्या ओळखीचा नसलेला.

भैय्या म्हणाला, "त्याला कशाला बोलावता? तुम्हीच ठोकून बघा."
नाही म्हटलं. तुला अंगाखांद्यावर खेळवलंय मी. माझा कान तुझ्या बाजूनं ऐकेल.

मग त्यानं टपरीवरून दोन चहा आणले, समजूत घालायला.
मी प्यायले नाही. पिशवीतून थर्मास काढला. अक्का हसून हसून बेजार, गाडी चुकता चुकता राहिली.

तर मंडळी, इंजिनिअर हो म्हणेल त्या दिवशी या. तोपर्यंत बाकावर बसा, डोक्यावर काही नाही.

आणि तुम्ही, टकटक भाऊ.
तीन वर्षं झाली, कोणी भाकरी ठोकून बघत नाही. घर फार गप्प वाटतं.

तुमच्या संशयी जीवाला माझा मनापासून नमस्कार.

फोटोपुढं चहा ठेवलाय. घरचाच आहे.
साखर घातली की मीठ, ते सांगणार नाही.