पत्राच्या शेवटचे निरोप

मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. दुपारी तिला पुरलं. शुक्रवारी मी शाळेत गेलो आणि हजेरी घेतली.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी हट्ट्याला शिक्षक होतो. तिला क्षय झाला होता. चार महिने मी तिला दवाखान्यात नेत होतो आणि चार महिने आमच्या ख्रिस्ती मंडळीतले लोक तिच्यासाठी प्रार्थना करत होते. मंडळी म्हणजे इनमीन आठ-दहा घरं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर येत, उरलेल्या रविवारी मीच शास्त्र वाचून दाखवत असे. वाचन सोडून मला दुसरं काही नीट येतही नव्हतं. ती गेल्यावर मात्र पुस्तक उघडून मी नुसताच बसू लागलो. देवाशी माझं भांडण नव्हतं. एकच प्रश्न होता, आणि तो कोणाला विचारायचा धीर होत नव्हता: औषध होतं, प्रार्थना होती, मग कमी काय पडलं?

त्याच उन्हाळ्यात एक प्रचारक आमच्या भागात फिरू लागले. आवाज गोड, पेटीवर बोटं चालायची, अर्धं शास्त्र तोंडपाठ. त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच भेटीत दिलं. म्हणाले, कमी पडला तो तुमचा विश्वास. तुम्ही एक हात देवाला दिला आणि एक डॉक्टरला, देव असा अर्धा हात धरत नाही. वचनही दाखवलं. प्रेषिताने तुरुंगातून आपल्या तरुण शिष्याला लिहिलेलं शेवटचं पत्र, त्याचा पहिला अध्याय. भित्रेपणा देवाकडून आलेला नाही, असं तिथे सांगितलं आहे. प्रचारक म्हणाले, औषध म्हणजेच भित्रेपणा. मी त्या वचनाखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली. आज लिहायला संकोच वाटतो, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं. पत्नीच्या मरणाचा दोष माझ्यावर आला होता, तरी निदान काहीतरी हाताला लागलं होतं.

पावसाळा संपता संपता माझी मुलगी विमल खोकू लागली. नऊ वर्षांची होती. नांदेडला नेऊन छातीचा फोटो काढला. आईचाच आजार निघाला, पण लवकर सापडला होता. डॉक्टरांनी नव्वद इंजेक्शनं आणि गोळ्या लिहून दिल्या. कुप्या आणून मी गावातल्या हमीदभाई कंपाउंडरकडे ठेवल्या. ते रोज संध्याकाळी सुई टोचत आणि वहीवर आकडा मांडत. महिनाभरात तिचा ताप उतरला, ती भाकरी मागून खाऊ लागली. तेवढ्यात प्रचारकांची चिठ्ठी आली. कळमनुरीजवळ मोठी सभा आहे, मुलीला घेऊन या, आजपासून औषध बंद अशी साक्ष तिने सगळ्यांसमोर द्यावी. खाली एक ओळ होती: आईच्या वेळची चूक लेकीच्या वेळी करू नका.

त्या ओळीने मी मोडलो. हमीदभाईंना जाऊन सांगितलं की उद्यापासून सुई नको. वही माझ्याकडे फिरवून ते म्हणाले, “मास्तर, नव्वदचा कोर्स आन एकतीसला तुमचा निकाल लागला? शाळेत बी पोरं असेच पास करता का?” मी तसाच घराकडे वळलो. विमल मात्र खूश होती. सुई नाही, आणि वर मांडवात सगळ्यांसमोर बोलायचं. तिने शेजारणीकडून नवी रिबीन मागून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसमतहून गाडी बदलून आम्ही वारंगा फाट्यावर उतरलो. दहाला प्रचारकांची जीप येणार होती. अकरा वाजले तरी आली नाही, म्हणून चहाच्या हॉटेलातल्या बाकड्यावर बसलो. तिथे एक म्हातारी आधीच बसलेली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, मांडीवर कापडी पिशवी. तिची गाडी तासाभरापूर्वीच निघून गेली होती. कोणीतरी तिला रस्त्याच्या चुकीच्या बाजूला बसवलं होतं, आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. माझ्या हातात पुस्तक आहे हे विमलच्या बडबडीतून तिला कळलं तशी ती सरकून जवळ आली. आपलं नाव सोनाबाई असं सांगितलं. ती कधी शाळेत गेली नव्हती. नवरा सुवार्तिक होता, गावोगाव देवाचं वचन सांगत फिरणारा. तो रोज वाचायचा आणि ती भाकऱ्या थापता थापता ऐकायची. तो गेल्यापासून ती त्याचं पुस्तक घेऊन फिरत होती आणि ज्याला वाचता येतं त्याला धरत होती. कंडक्टरने वाचलं होतं, शिंप्याने वाचलं होतं, औंढ्याला एका हवालदाराने तर दोन अध्याय वाचून वर चहा पाजला होता. वाचणं जिथे थांबेल तिथे ती कापडाची चिंधी घालून ठेवी, पुढचा माणूस तिथून सुरुवात करी. तिने पिशवीतलं पुस्तक काढून माझ्या हाती दिलं.

चिंधी त्याच पत्रात होती. शेवटच्या अध्यायाच्या तोंडाशी.

मी वाचू लागलो. कानाला आवडेल असं बोलणारे शिक्षक लोक स्वतःभोवती जमवतील, असा इशारा सुरुवातीलाच आला. प्रेषिताने आपली धाव संपत आल्याचं लिहिलं आहे, तिथवर मी गेलो आणि थांबलो. म्हणालो, “आजी, पुढे फक्त नावं आहेत. कोण कुठे गेला, कोणाला सलाम, एवढंच.”

“मंग ते वाचा की,” ती म्हणाली. “तुमच्या घरी पत्र आलं आन डाकवाल्यानं खालचे निरोप न्हाई वाचले, तर त्याला चहा पाजताल का तुमी?”

विमल खुदकन हसली. मलाही हसू आलं, कारण म्हातारी बरोबर बोलत होती. गावातली पत्रं मीच वाचून दाखवायचो. पाऊसपाणी, बाजारभाव ऐकताना बाया इकडेतिकडे बघत, आणि शेवटी कोणाला नमस्कार, कोणाला आशीर्वाद हे सुरू झालं की पदर सावरून पुढे सरकत. आपलं नाव येईपर्यंत पत्र संपलं असं त्या मानत नसत. आणि मी तीस वर्षं देवाच्या माणसाची पत्रं वाचत होतो, पण निरोप नजरेनेच ओलांडत आलो होतो. त्यांच्याखाली मी कधी रेघ ओढली नव्हती.

मी वाचलं. सगळे सोडून गेले, एकच जण सोबत उरला आहे, असं लिहून त्याचं नाव घातलं होतं. म्हातारीने मान डोलावली. “डागदर व्हता त्यो,” ती म्हणाली. मी पुढे गेलो. येताना माझा झगा घेऊन ये, असा निरोप होता. हिवाळा यायच्या आत ये, असंही होतं. आणि तिथेच, नमस्कारांच्या मधोमध, एक अर्धी ओळ: एका सोबत्याचं नाव, आणि तो आजारी असल्यामुळे त्याला मी वाटेतल्या गावी मागे ठेवलं आहे.

मी ती ओळ दोनदा वाचली. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोकांनी आजारी माणसांवर ठेवले, आणि ती माणसं बरी झाली, त्या प्रेषिताने आपल्या जवळच्या माणसाला आजारी सोडलं होतं. भित्रेपणाबद्दल ज्या पत्रात त्याने लिहिलं, त्याच पत्रात त्याला थंडी वाजत होती, आणि त्याच्याजवळ बसलेला एकुलता माणूस डॉक्टर होता. माझे डोळे भरून आले. त्या अनोळखी म्हातारीला मी सगळं सांगितलं. पत्नीचं, प्रचारकांचं, कमी पडलेल्या विश्वासाचं, विमलच्या राहिलेल्या सुयांचं. विमल तेव्हा हॉटेलवाल्याच्या मांजरीमागे गेली होती.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “त्या आजारी माणसाचा इस्वास कमी पडला, आसं लिवलंय का तिथं?”

“नाही.”

“नीट बघा.”

मी पुन्हा बघितलं. “नाही लिहिलेलं.”

“मंग जे लिवलं न्हाई, ते तुमी काहून वाचून राहिले, मास्तर?”

एवढंच ती म्हणाली. उपदेश केला नाही, जा म्हटलं नाही की नको म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिची दुसरी गाडी आली. मी तिला हाताला धरून चढवलं आणि तिने आत बसताच शेजारच्या माणसाला वाचता येतं का ते विचारलं.

जीप आली तेव्हा बारा वाजून गेले होते. ड्रायव्हर म्हणाला, मांडव भरलाय, पोरीचं नावही पुकारलंय, चला लवकर. मी म्हणालो, “आम्ही येत नाही. तिची सुई राहिली आहे.” तो म्हणाला, सायबांना काय सांगू? मी म्हणालो, हेच सांगा. विमल रुसली. रिबीन फुकट गेली म्हणून वसमतपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी मात्र खिडकीशी बसून भजन गुणगुणत होतो, कित्येक महिन्यांनी, आणि बहुधा मोठ्याने, कारण अखेरीस तिनेच अबोला सोडून मला कोपराने ढोसलं: “बाबा, लोकं बघून राहिलेत.”

संध्याकाळी आम्हाला दारात बघताच हमीदभाई उठले. सुई उकळायला ठेवली, वही काढली आणि बत्तीस मांडलं. मग हळूच म्हणाले, “अल्लानं बराबर वक्तावर आणलं तुमाला.” नव्वदाव्या दिवशी विमलने त्यांच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गूळ-शेंगदाणे वाटले.

प्रचारक वाईट मनाचे होते असं मी म्हणत नाही. त्यांनी दाखवलेलं वचन खरं होतं. पण ते तिथेच थांबले, आणि राहिलेल्या जागेत त्यांनी स्वतःचं भरलं. कानाला आवडणारी शिकवण म्हणजे गोडगोड बोलणं, असं मी समजत होतो. माझ्या कानाला आवडला होता तो दोष. दुःखात माणसाला काहीही ऐकायला आवडतं, फक्त ‘माहीत नाही’ एवढं ऐकवत नाही. देवाने मला त्या दिवशी नवीन काही सांगितलं नाही. जे लिहिलं आहे ते शेवटपर्यंत वाचायला लावलं, आणि पुढचं त्याच्याकडे सोडायला शिकवलं. यासाठी मी त्याचे रोज आभार मानतो. सोनाबाईंचे मानायचे राहून गेले. कळमनुरीकडच्या मंडळ्यांत मी विचारलं. सगळे तिला ओळखत होते, प्रत्येकाने तिला काही ना काही वाचून दाखवलं होतं, आणि मी जाईन तेव्हा ती पुढच्या गावाला गेलेली असे.

विमल यंदा नववीत आहे. तिला खोकला नाही. तिची आई का गेली, ते मला माहीत नाही.