चहाआधीच्या सिस्टर

दारात आल्या की सिस्टर आधी गॅसकडे बघायच्या, मग माणसाकडे. पातेलं चढलेलं दिसलं की संपलंच! "घेतला का चहा?" या प्रश्नाला आमचं अख्खं वरवट बकाल गाव टरकून होतं.

त्या आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई. रक्तातली साखर तपासायच्या पहिल्या शिबिरात त्यांनी सगळ्यांना उपाशीपोटी बोलावलं. आले की सगळे, घासही न खाता. फक्त चहा पिऊन, दोन-दोन चमचे साखरेचा! "चहाले कोनी खानं म्हनते का बाई?" एक आजी उलट त्यांनाच विचारत होती. सिस्टरनी कपाळावर हात मारला आणि रजिस्टरचं ते पान सरळ खोडून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे सहाला त्या स्वतःच घरोघरी निघाल्या.

मी गणिताचा मास्तर, वय बेचाळीस. साखरेनं माझ्या बाबांचा पाय घोट्यापासून नेला होता. तेव्हापासून तपासणीची मी धास्तीच घेतली होती. त्यामुळे त्या दारात दिसल्या की मी ठोकून द्यायचो, "चहा झाला हो!" चारदा पचलं. पाचव्यांदा त्यांनी थेट माझं बोट धरलं. "सर, खोटं बोलनं तुमाले जमत नाही. थोबाड पांढरं पडते."

आकडा आला एकशे अठरा. केंद्रात शिरेतलं रक्त घेतलं, तरी तेच. हवा शंभरच्या आत. मी विचारलंच,

"झाली ना मला साखर?"

"नाही झाली! तेच तं सांगून राह्यली!" बाई आनंदानं जवळजवळ नाचत होत्या. "सर, तुमी काठावर पास हा! आता अभ्यास करा, सुटसान."

मला असा राग आला! इथं माझा जीव जातोय आणि यांना हसू फुटतंय! ते ओळखून त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या बाबाले काठावर असताना कोनी सांगतलं नाही, सर. तुमाले मी सांगून राह्यली."

मग काय, पिच्छाच पुरवला! रोज शेतरस्त्यानं तासभर चाल, भात कमी, साखर बंद. एकदा तर भर बाजारात, माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांच्या देखत, टेप काढून माझी कंबर मोजली आणि ओरडल्या, "दोन इंच उतरली!" वांगी घेणाऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मी लाजेनं लाल, पण आतून काय खूश झालो होतो, सांगता येत नाही!

वर्षाच्या तपासणीआधीच त्यांची बदली झाली, लांब सुलतानपूरला. रिपोर्ट हातात पडला तेव्हा मी ओट्यावरूनच फोन लावला. "सिस्टर, नॉर्मल! एकदम नॉर्मल!" पलीकडून अशी किंचाळी आली, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

शेजारी बाबा बसले होते, कुबडी भिंतीला टेकवून. त्यांनी फोन मागून घेतला.

"बाई, माह्या पोराचे दोन्ही पाय राह्यले."

एवढं बोलून झालं, तरी बाबांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.